विहीणबाईंच्या गावावरून सामन्याला

कोचकोरच्या शाळेत खेळ शिकवणाऱ्या गुलसून एजेंना (एजे म्हणजे आमच्याकडे ताई) चोपन्न वर्षांत एक शब्द कधी उच्चारता आला नाही, तो म्हणजे 'नको'. आमच्याकडे कुणी दारात नान पुढे केला, तर निदान एक तुकडा तोडून तोंडात टाकावाच लागतो, हे खरं. पण बाकीचे लोक तुकडा तोडतात आणि सटकतात. एजे बसतात. गेल्या वर्षी मुलींचा फुटबॉलचा संघ घेऊन त्या काराकोलला निघाल्या, वाटेत एका लग्नात "नुसता नान चाखून जा" म्हणून शिरल्या आणि तिसऱ्या दिवशी सामना न खेळताच परत आल्या. नाचाचं बक्षीस मात्र घेऊन आल्या.

यंदा सीमेपलीकडच्या अल्माटीचं आमंत्रण आलं तेव्हा मुख्याध्यापक तुर्गुनबायांनी बजावलं. "न खेळता परत आलात, तर मैदानात बटाटे लावीन. बियाणं आणून ठेवलंय."

ते मैदान एजेंनी वीस वर्षं दगड वेचून वेचून केलेलं. त्या पहाटेच सोळा मुलींसह गाडीत बसल्या. गाडी चालवायला म्हातारा साबिर. सामना संध्याकाळी पाचला.

सीमेवरच्या चौकीत ही भली मोठी रांग. तीन तास तरी कुठे जात नाहीत. तेवढ्यात एका कझाक अधिकाऱ्याने पासपोर्ट चाळता चाळता सहज विचारलं, "कोचकोरच्या? कुणापैकी?"

असं विचारल्यावर कोण गप्प बसेल? एजेंनी सात पिढ्यांचे बापजादे घडाघडा म्हणून दाखवले. पाचव्या नावाला झान्बोलात, म्हणजे तो अधिकारी, ताडकन उठला. "अहो, आमची धाकटी वहिनी याच घरातली! तुम्ही तर आमच्या विहीणबाई! आणि मी तुम्हाला रांगेत उभं केलं? आई मला घरात घेणार नाही!"

दहा मिनिटांत सतरा पासपोर्टांवर शिक्के बसले, अठरावा साबिरचा. एजे खूश. तीन तास वाचले होते. पण झान्बोलातची पाळी संपली होती, आणि तो आपली मोटार काढून गाडीच्या पुढे लागला होता.

त्याचं गाव रस्त्यालाच. दारात त्याची आई नान घेऊन उभी. एजेंनी डोळे मिटले, सगळं बळ एकवटलं आणि म्हणाल्या, "न..."

"आमचा नान कडू लागतो का हो, विहीणबाई?" म्हातारीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

झालं! एजे बसल्या. मागच्या अंगणात मेंढा कापला गेला. शिजायला चार तास. मुलगी देऊन जोडलेलं घर, तिथे अर्धं कच्चं खाऊन कसं उठणार? एजे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या आणि मुली एजेंकडे.

मेंढ्याचं मुंडकं मानाच्या पुरुषाला द्यायचं. पाहुण्यांत पुरुष एकच. जन्मात ज्याला कुणी "साबिरभाऊ" म्हटलं नव्हतं, त्या साबिरपुढे मुंडक्याचं ताट आलं. म्हातारा ताठ झाला. कान लहानांना द्यायचे, म्हणजे ते मोठ्यांचं ऐकतात. कान दोन, मुली सोळा! साबिरने एकेक कानाचे आठ तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यामागे वेगळा आशीर्वाद दिला.

"साबिर, आटप की रे!" एजे कुजबुजल्या.

"एजे, मानाचं काम आहे. घाई करून चालतं का?"

दीडला निघाले. पाचला दहा कमी असताना मैदानावर उतरले. उतरले म्हणजे काय, मुली एकेक करून गाडीतून ओघळल्या. समोर अल्माटीच्या पोरी हरणासारख्या उड्या मारत होत्या.

"एजे, पळवत नाही हो," गोलरक्षक मेरिम कळवळली.

"मग पळायचं राहू दे. उभी राहा. उभं राहिलं तरी खेळच असतो."

मध्यंतरापर्यंत पाच गोल बसले. बचाव फळी जागच्या जागी डुलत होती. नववा गोल झाल्यावर अगदी शेवटी अल्माटीला पेनल्टी मिळाली. त्यांच्या कर्णधाराने असा काही फटका मारला की चेंडू थेट मेरिमच्या पोटात रुतला. मेरिम तसूभरही हलली नाही. तीन वाट्या मटण आत होतं, हलणार कशी? पंचाने सामना संपल्याची शिट्टी मारली आणि बाकीच्या पंधराही मुली, बाहेर बसलेल्यासुद्धा, जिंकल्यासारख्या तिच्या अंगावर जाऊन पडल्या. गुलसून एजे ढसाढसा रडल्या. इतका आनंद त्यांना स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

रडणं ओसरतंय न ओसरतंय तोच मुख्याध्यापकांचा फोन आला. "खेळलात?"

"खेळलो. सत्तर मिनिटं. नऊ शून्य."

"जिंकलात?"

"छे हो. पण अकराच्या अकरा शेवटपर्यंत उभ्या होत्या."

मग तुर्गुनबाय म्हणाले, "तरी निदान गोलापलीकडचा कोपरा बटाट्यांना द्या ना. बियाण्याला कोंब फुटलेत."

एजेंनी तोंड उघडलं. सवयीने 'बरं' येत होतं.

"नको," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच दचकल्या.