आठवडाभराच्या सह्या

नव्या खाकी कव्हराचा वास आला की पनवेलचं आमचं स्वयंपाकघर आठवतं; तिथेच बसून मी लेकीच्या वह्यांना कव्हरं घालायचे. ती दुसरीत असताना शाळेने तिला चांगल्या नागरिकाचा तक्ता दिला होता. कचरा डब्यात टाकणं, रांग पाळणं, खरं बोलणं. रोज मुलांनी खूण करायची आणि पालकांनी सही. तिची एकही खूण चुकत नव्हती, म्हणूनच मला संशय आला. "काल तलावाजवळच्या बागेत घसरगुंडीची रांग मोडलीस ना? मग ही खूण कशी?" तिने खूण खोडली. मग म्हणाली, "आई, तू सोमवारीच शनिवारपर्यंत सह्या केल्यास. बाईंनी विचारलं तर काय सांगू?" "काही सांगू नकोस," मी म्हणाले. तिने सांगितलं. आता ती नोकरी करते, पण माझ्या सहीचा कागद हातात आला की आधी तारीख बघते.