मोबाइलच्या कपाळाला कुंकू

मी दुसरीत दोन साल बसलो. तिसऱ्या साली मास्तरच बदली मागून गेले, मग म्या बी शाळा सोडली. अशा माणसाची पोरगी दहावीला गावात पहिली आली! आमच्या गावात पहिल्या आलेल्या लेकराच्या हातानं सव्वीस जानेवारीला झेंडा चढवतेत. ही गोष्ट म्या एवढ्यांदा सांगितली की लोक मला लांबून बघून गल्ली बदलायले.

तिची माय मात्र झेंड्याच्या वक्ताला गंगाखेडकडं उसाच्या फडात होती. दरसाल आमी दोघं टोळीसंगं ऊस तोडायला जातो. ह्या साली टोळी निघायच्या तोंडावर माझा पाय मोडला. बैलानं मारलं असं मी सांगत फिरलो. खरं म्हंजी शेळीच्या दाव्यात पाय गुतून पडलो होतो. मग ती तिच्या भावासंगं गेली. झेंड्याच्या आठ दिवस आधी भावाच्या मोबाइलवरनं तिचा फोन आला.

"मला काई येता येईना. पोरीचा फोटो धाडा, साफ दिसंल असा. अन तुमीच काढा. दुसऱ्याला सांगू नगा."

"कामून?"

"घरचं कुणीतरी तिथं होतं, एवढं तरी कळंल मला."

म्या लगेच शेळीचा फोटो काढून बघितला. लाल धुक्यात कायतरी उभं दिसलं, शिंगावरनं ओळखावं लागलं. मोबाइल बंद करून चालू केला, तेच. जुने फोटो पुसून बघितले, तेच. उन्हात काढला, सावलीत काढला; शेळी कंटाळून निघून गेली. पोरीला सांगायची लाज वाटली, कारण तिला म्या छाती ठोकून सांगितलं होतं, फोटोची जिम्मेदारी माझी.

तसाच लंगडत देवगाव फाट्याला मोबाइलच्या दुकानात गेलो. दुकानदार पोरगेलासा, पण नजर तेज. त्यानं मोबाइल पालथा केला अन हसायलाच लागला.

"मामा, ह्याची पूजा केली का काय?"

"दसऱ्याला केली की! कोयत्याची केली, विळ्याची केली, मोबाइलनं काय पाप केलंय?"

"अन कुंकू नेमकं कॅमेऱ्याच्या काचंवर?"

आता बैलाच्या कपाळाला लावतो तसं मोबाइलच्या कपाळाला लावलं. त्याचं कपाळ अन डोळा एकच हाय, हे मला कोण सांगणार? कुंकू तीन महिने दिसत होतं मला. पण पूजेचं कुंकू पुसतंय का कुणी?

तो म्हणला, "घरी जाऊन मऊ फडक्यानं हळूच पुसा."

घरी आलो. तेलातलं कुंकू, मऊ फडक्यानं काय निघतंय? आमच्यात तांब्या घासतेत तशी चुलीची राख घेतली अन नारळाच्या शेंडीनं घासली काच. कुंकू गेलं. फोटो काढला तर आता शेळी बी न्हाई अन शिंगं बी न्हाई, नुसती राखुंडी.

झेंड्याच्या आदल्या दिवशी परत फाट्यावर.

"मामा, काच खरवडली. नवी परभणीवरनं मागवावी लागंल, चार दिवस तरी."

"उद्या झेंडा हाय रे बाबा!"

त्यानं मोबाइल उलटा-पालटा करून बघितला. "मग पुढच्या कॅमेऱ्यानं काढा. त्याची पूजा झालेली न्हाई."

पुढच्या कॅमेऱ्यात आपलंच थोबाड दिसतंय. म्हंजी पोरीचा फोटो काढायचा तर पोरीकडं पाठ करून उभं राहायचं.

दुसऱ्या दिवशी पोरीनं दोरी ओढली, झेंडा फडकला. मी सरळ उभा राहून सलाम केला; झेंड्याला पाठ करायला मी एवढा बी येडा न्हाई. राष्ट्रगीत झालं. मग ओट्यावर सरपंचानं तिला फेटा बांधला अन ती भाषणाला उभी राहिली. सगळं गाव तिच्याकडं तोंड करून, अन मी एकटा गावाकडं तोंड करून! मोबाइल वर धरून एक एक पाऊल मागं सरकायलोय. पहिल्या रांगेतला म्हातारा वरडला, "आरं, पोरगी तिकडं हाय!" सगळे हसले. हसू देत. तेवढ्यात ओट्याची पायरी टाचंला लागली, तोंड वासलं, अन बोट दाबलं गेलं.

एकच फोटो आला. अर्ध्यात माझं वासलेलं तोंड. अन माझ्या कानामागं माझी पोरगी, फेट्यात, माइकसमोर, ताठ. लय साफ.

पोरगी म्हणली, "बा, तुमचा भाग कापून धाडते मायला."

पण म्या आधीच धाडला होता. सांजच्याला बायकोचा आवाज आला मोबाइलवर, मागं टोळीतल्या बायांचा कालवा. "दिसली वं! फेट्याचा तुरा बी दिसला! सगळ्या फडाला दावला. पोरीला सांगा, कापू-बिपू नगं. एकाच फोटोत दोघं बी आलात." मग हळूच, "तोंड तेवढं मिटायचं होतं."

नवी काच आली म्हणून दुकानदाराचा निरोप आलाय. जाईन कवातरी. अन दसऱ्याला कुंकू परत लावणार, फकस्त खालच्या अंगाला.