अकोल्याचं पहिलं इंजेक्शन

माझी पत्नी सुमन गेल्याचा निरोप मला कचेरीत मिळाला. घरी पोचलो तेव्हा तिचं डोकं माझ्या आईच्या मांडीवर होतं... पूजा आटोपेपर्यंत कोणालाही शिवू न देणारी माझी आई. इतरांना नवल वाटलं. मला वाटलं नाही, कारण अकोल्याची ती दुपार मी पाहिली होती.

तेव्हा सुमनच्या कॅन्सरवरचं औषध आमच्या अमरावतीत मिळत नव्हतं. मुंबईहून शिकून आलेले एक डॉक्टर अकोल्याच्या आपल्या दवाखान्यात त्याचं इंजेक्शन देत आणि संध्याकाळी घरी पाठवत. बडनेऱ्याहून गाडीनं आम्ही दोघं निघालो, तर आईही निघाली, आपलं पाणी आपल्या तांब्यात घेऊन. मी आकड्यांत विचार करणारा माणूस. शंभरात किती बरे होतात, असं डॉक्टरांना विचारलं. "तेवढ्या लोकांना मी अजून दिलेलंच नाही," ते म्हणाले. न दिल्यास मात्र तीन महिने. मग सुई भरताना सहज बोलले, "केस गळतील. नंतर येतात."

सुमन बाकावरून उठली. मरणाचं नाव काढल्यावरही ती इतकी घाबरली नव्हती.

"मला नको हे औषध. हे धडधाकट असताना मी बोडकी होऊन फिरू? यांचं काही बरंवाईट झालं म्हणजे?"

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की आई शेजारीच बसली आहे. लाल आलवणातली, वडील गेल्यापासून केशवपन केलेली.

"काहून उठली? बस खाली," आई म्हणाली. मग परक्या पुरुषासमोर तिनं पदर डोक्यावरून मागे सारला आणि सुमनचा हात आपल्या डोक्यावर ठेवला. "हे माझा माणूस गेल्यावर झालं. मले कोणी विचारलंही नाही. तुझा नवरा तर हा उभा आहे, तोंड वासून. लोक विचारतील ते मले विचारतील. मी सांगीन, औषधानं केस जाऊन राहिले म्हणून."

सुमननं बराच वेळ हात काढला नाही... मग दुसरा हात डॉक्टरांपुढे केला.

परतताना मूर्तिजापूरच्या आसपास तिला उलट्या सुरू झाल्या. आईनं तांबा तिच्या तोंडाला लावून चूळ भरवली.

"तांबा विटाळला की हो, आई."

"घासता येतो."

महिन्याभरात केस गेले. त्या दिवसापासून आई रोज तिच्या कपाळी कुंकू लावू लागली, चांगलं रुपयाएवढं. विधवेनं कुंकवाला हात लावायचा नसतो, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. औषधानं सहा महिने जास्त मिळाले. मी ते कमी मानत नाही, आणि पुरेसेही मानत नाही.

सकाळची पूजा झाली की आई अजूनही करंडा उघडते. सवयीनं बोट कुंकवात बुडतं, आणि तिथेच थांबतं... थोड्या वेळानं ती ते पदराला पुसते. लाल आलवणावर ते कुंकू दिसत नाही.