गुंगीवाले नाना

ये संजू, असा जवळ बस. निदान हे वाचण्यापुरता तरी. वर्ष झालं, आत्याच्या घरी पाऊल नाही! फोनवर नुसतं "येतो, येतो". बरं, ऐक. आपले गुंगीवाले नाना गेले. लहानपणी तू त्यांना लाथ मारली होतीस, ती तुला कुठली आठवायला!

देवपूरच्या दवाखान्यात मी ऑपरेशनच्या खोलीत मदतीला होते, तेव्हा नाना भूल द्यायला जळगावहून एसटीने यायचे. पोराला आत नेण्याआधी त्याच्याशी खेळ: "पाय वर कर. मी पाच म्हणेपर्यंत खाली आणायचा नाही हं!" मला वाटायचं, नुसते लाड करतात. मी चौथी शिकलेली, मला काय ठाऊक? नानांनीच समजावलं. "अंग सैल पडायचं औषध देतो ना अक्का, त्यात श्वासही थांबतो. तेवढा वेळ हा रबरी फुगा दाबून मी श्वास देतो. मग उतारा देतो. पण डोळे आधी उघडतात, ताकद मागाहून येते. ती आली का, ते हा पाय सांगतो."

सर्जनना कायम घाई. नाना हसून म्हणायचे, "तुमचे टाके झाले, माझं पोर अजून परतायचंय."

तू सहा वर्षांचा होतास. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, घशातली नळी काढली, तू डोळे उघडलेस आणि बारीक रडलास. दाराबाहेरून तुझा बाप ओरडला, "पोऱ्या रडना! बठ्ठं बेस शे!" पोरगं रडलं, म्हणजे सगळं ठीक! भावाचा आनंद ऐकून मीही हुरळले. बाहेर न्यायला तुला उचलू लागले.

"खाली ठेवा अक्का." नानांचा आवाज कधी चढत नसे, तेव्हाही चढला नाही. "रडण्यात जोर नाही. पोट बघा."

पोट वर येत होतं आणि छाती आत ओढली जात होती. "पाय वर कर, राजा." पाय जरासा हलला नि पडला. नानांनी तोंडावर मास्क धरला आणि तुझ्या श्वासाबरोबर फुगा हलके हलके दाबत बसले. जळगावची गाडी चुकेल, असं कुणी म्हणालं. "दुसरी येते," एवढंच.

किती वेळ गेला ते मला विचारू नकोस. मग त्यांनी पुन्हा पाय वर करायला सांगितलं, आणि तू असा झटकलास की त्यांचा चष्माच उडाला. ते तसेच मोजत राहिले. पाच झाले. "न्या आता. गुणाचं पोर आहे!"

दारात तुझा बाप त्यांच्यावरच डाफरला, इतका वेळ का ताटकळत ठेवलं म्हणून. "हो, उशीर झाला खरा," नाना म्हणाले आणि बॅग उचलून निघाले. मी तुला घाईने उचलत होते, त्याबद्दल माझं नाव घेतलं नाही. मीही भावाला कधी सांगितलं नाही. आज तुला सांगितलं.

तेव्हापासून कुठलंही लेकरू झोपलं की माझी नजर आधी त्याच्या पोटाछातीवर जाते. तुझी चिमणी झोपलेली मी अजून पाहिलीच नाही. तिला घेऊन लवकर ये, दुपारी जेवायलाच ये.