चीज कोण उलटतं?

माझी आई सांगलीजवळच्या आमच्या गावात दूध संकलन केंद्रावर कॅन धुवायची. थंडीतही गार पाणी... बोटांच्या भेगा कधी भरल्याच नाहीत. मग कॅन धुण्याचं मशीन आलं आणि आईला घरी बसवलं. तरी ती कितीतरी दिवस सकाळी जाऊन केंद्राच्या दाराशी उभी राहायची. म्हणायची, "काम गेलंय हे हातांना कळत नाही गं." त्याच हातांच्या कष्टावर मी फूड टेक्नॉलॉजीची डिग्री घेतली. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली, आणि हे मी मिरवून सांगते.

लॅबमध्ये वाढलेली बाई मी. भूतबित म्हटलं की मला हसू यायचं. त्यामुळे खालचं वाचून कुणी हसलं तर राग नाही.

आम्ही ऑकलंडला न्यू लिनमध्ये राहायचो. नोकऱ्या सोडून मी आणि नवरा संदीप न्यूझीलंडच्याच तारानाकी या दुधाच्या भागात आलो, जुनी चीज फॅक्टरी विकत घेऊन. इकडे पूर्वी थोड्या थोड्या अंतरावर अशा फॅक्टऱ्या असायच्या, शेतकरी गाडीतून दूध आणून घालायचे. मोठे कारखाने झाले, टँकर आले, आणि या बंद पडल्या. आमच्या इमारतीत नंतर गवताचे गठ्ठे ठेवले, मग कुणीतरी कुंभारकामाचा स्टुडिओ चालवला. मागची क्युअरिंग रूम – चीज मुरवायची खोली – मात्र लाकडी फळ्यांसकट तशीच होती.

आम्ही जिऱ्याचं चीज केलं. ही पहिली बॅच टेस्टिंगमध्ये पास झाली तरच धंदा. दुसरी लावायची ऐपत नव्हती. पहिलीच म्हणून चीजच्या प्रत्येक गोल, जड चाकाच्या वरच्या बाजूला मी हळदीचं बोट लावलं. संदीप हसला.

मुरताना चीज रोज उलटावं लागतं, नाहीतर खालची बाजू ओलसर राहून बिघडते. ते काम माझं. एका सकाळी पाहते तर आदल्या दिवशी हळद वर ठेवून गेले होते, ती खाली.

"संदीप, तू उलटलंस?"

"अगं, मी तिथे पाऊल टाकत नाही. बूट बदल, टोपी घाल... तुझी बोलणी कोण ऐकून घेईल?"

"मग हळद खाली कशी?"

"विसरली असशील. डिग्रीवाल्या बाईंनी निदान वर-खाली तरी लक्षात ठेवावं."

मी पुन्हा उलटलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. तोवर खालच्या बाजू चिकट व्हायला लागल्या. मग मी कुलूप लावलं, किल्ली जवळ ठेवली, दाराच्या फटीवर टेप चिकटवली. सकाळी लख्ख ऊन होतं. टेप जशीच्या तशी. आणि आतून आवाज... थप्. थप्. जड काहीतरी लाकडावर पालथं पडावं तसा, एकेक करत दाराकडे येणारा. मग शांत. उघडलं तर आत कोणी नाही. सगळ्या चाकांची हळद खाली.

आम्हाला दूध देणारा ग्रॅहम शेजारीच राहतो. त्याला सांगितलं, वाटलं थट्टा करेल. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"माझे वडील त्या खोलीत कामाला होते. फॅक्टरी बंद झाली तरी शेवटपर्यंत सकाळी जाऊन रिकाम्या फळ्यांपुढे उभे राहायचे. आई हाताला धरून घरी आणायची."

"मग मी काय करू?"

"तू उलटू नकोस. दोघांनी उलटलं तर चीज होतं त्याच बाजूवर राहणार ना?"

मला आई आठवली. केंद्राच्या दाराशी उभी.

"आणि बॅच गेली तर?" संदीप म्हणाला.

"तर न्यू लिनला परत."

दुसऱ्या सकाळी मी उंबऱ्यातूनच मराठीत म्हटलं, "बाबा, तुमचं काम तुम्हीच करा. मी हात लावत नाही." हात शिवशिवत होते, पण लावला नाही. हळद एक दिवस वर, एक दिवस खाली. चिकट बाजू हळूहळू कोरड्या झाल्या.

फळ्यांचा उतार, हादरे, ओल... सगळं तपासलं. एवढं जड चाक आपोआप उलटायचं काहीच कारण सापडलं नाही.

बॅच पास झाली. आमचं जिऱ्याचं चीज आता ऑकलंडला सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानांत मिळतं. दूध उतरवायला, पॅकिंगला माणसं ठेवलीत. उलटायला कुणाला ठेवलेलं नाही.