डाव्या झाकणाची परवानगी

दोन खेपा घातल्या, दोन अर्ज केले, आणि साहेबांनी झाकण उघडलं ते भलतंच. हे आधी सांगते, राम राम मागून. जालन्याच्या संग्रहालयात कुणाला जुनं यंत्र आतून बघायचं असेल तर त्यानं माझ्यासारखं फसू नये.

भोकरदनच्या बाजूला आमचं खेडं, तिथं मी पिठाची गिरणी चालवते. लाइट गेली की सासऱ्याच्या वेळचं डिझेल इंजिन लावते. मिस्त्रीनं त्याचं डावं झाकण खोललं आणि आतल्या दोन स्प्रिंगा कशा बसतात तेच विसरला. आता सुरू केलं की इंजिन उधळतं. दळणाचे डबे शेजारच्या गावी चाललेत. तसलंच इंजिन जालन्यात काचेआड ठेवलंय, असं नातीनं मोबाइलवर दाखवलं. मंग काय, निघाले.

भोकरदनहून सकाळची एसटी धरा, बायांना अर्धं तिकीट. राजूरला चहा घ्या, भजी गरम असली तरच घ्या. जालन्याच्या स्टँडवर रिक्षावाला तोंडाला येईल ते भाडं सांगतो. मी पायी गेले.

संग्रहालयाच्या खिडकीतला बाबू म्हणाला, "आजी, हात लावायला परवानगी न्हाई."

"हात कोण लावून राह्यलं? आत बघायचंय."

"कारण?"

"दळण."

त्यानं आधी हसून घेतलं, मंग कागद दिला. कोणतं झाकण ते लिहायचं होतं. मी चौथी शिकलेली, पण 'डावं' लिहिता येतं.

महिन्यानं बोलावणं आलं. साहेबांनी पांढरे हातमोजे चढवले, काच सरकवली, चार बोल्ट काढले. आत नुसती दातेरी चाकं.

"साहेब, हे न्हाई. पलीकडचं."

"अर्जात डावं आहे. हे डावं."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. सासऱ्यानं आमचं इंजिन भिंतीकडं तोंड करून बसवलं, धूर खिडकीतून जावा म्हणून. सारी जिंदगी मी ते पाठीमागून चालवलं. माझं डावं ते ह्यांचं उजवं.

"मंग उजवं खोला. पाना तुमच्या हातातच हाय."

"त्याची मंजुरी नाही, आजी. नवा अर्ज करा."

झाकण परत बसलं. मी तिथंच दुसरा अर्ज खरडला. तुम्ही लिहाल तेव्हा 'समोरून डावं' का 'समोरून उजवं' ते नीट लिहा.

परतीला खिडकीची जागा मिळाली, पण सारा रस्ता ते चार बोल्टच दिसत होते. घरी आल्याबरोबर भिंत आणि इंजिनाच्या मधात घुसले. त्याचं तोंड पहिल्यांदा बघितलं. पितळी पाटीवर, इंजिन बसवलं त्या दिवशीच्या पूजेचं कुंकू अजून होतं. ते पुसून इंजिनाचा नंबर वाचला आणि दुसऱ्या अर्जाला जोडा म्हणून जालन्याला पाठवला.

ह्या प्रवासात एवढंच कमावलं. इंजिन बंदच आहे, आणि लाइट गेली की मी अंगणात येरझारा घालते. फोन केला की बाबू म्हणतो, "बघून राह्यलो, आजी."

बाबूनं बघू नये. उत्तर साहेबांनीच द्यायचं, तेही माझ्या गिरणीत येऊन, मी उभी राहते तिथं उभं राहून. मंग सांगावं, डावं कोणतं.