ओसरीवरचं इंग्रजी
गुरांसाठी सरकी भिजत घातली, की त्या वासासरशी मला बार्शीटाकळीची आमची ओसरी दिसते. तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली होती, त्या सालांत इकडं कापसाला सोन्याचा भाव आला होता. अकोल्याच्या बाजारात गोरे साहेब स्वतः खरेदीला उतरत होते, आणि मधला दलाल टाळायचा म्हणून आमचे हे एका मास्तरांकडून इंग्रजी शिकत होते. सकाळी मी रेच्यावर कापसातली सरकी काढायची आणि हे शेजारी बसून पुस्तकाशी बोलायचे, "टू सेल कॉटन, कापूस विकाले. टू सी द साहेब, साहेबाले पाहाले." माझ्या वाट्याला दिवसभरात "भाकर वाढ" एवढंच. नुसता जळफळाट व्हायचा माझा. सवत असती, तर तिच्याशी भांडले तरी असते. पण ऐकून ऐकून मला उमगलं, की विकाले, पाहाले म्हणताना आपण 'ले' मागून लावतो, तसं साहेबाचं 'टू' पुढून येतं. एक दिवस हे "आय हॅव कम, आय हॅव कम" करत अडले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "टू सेल कॉटन." ह्यांनी पुस्तक मिटलं. "कोनं शिकवलं तुले?" "कोनीच नाई जी. तुमीच तं रोज म्हनून राहिले." मला वाटलं, आता हसतील, पुढचं वाक्य मला विचारतील. तर ह्यांच्या कपाळावर तीच आठी, जी रोज माझ्या कपाळावर असायची. दुसऱ्या दिवसापासून पुस्तक काखेत मारून हे मारुतीच्या देवळात जाऊन बसू लागले. मग ओसरीवर मी एकटीच असायची. सरकी भिजवताना "टू सेल कॉटन" म्हणायची, पार देवळापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.